माळ्यावरचे दप्तर आणि इतिहासाचार्य राजवाडे

गेल्या वैशाखात खानापूर तालुक्याच्या रानपट्टीतील एका खेड्यात आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर उतरवून नवे बांधायचे काम निघाले होते. माळ्यावरचे सामान खाली काढताना बियाण्याच्या कणगीमागून पत्र्याची एक पेटी निघाली. पेटीत तांबड्या खारव्यात बांधलेले तीन रुमाल होते. एक सोडून पाहिला. लांबच लांब चिकटवलेले कागद, बोरूने लिहिलेली मोडी, कडेला शिक्के. वरच्या थराला कसर लागलेली, आतले मात्र काल लिहिल्यासारखे काळेभोर. घरच्या म्हाताऱ्या आईने ती पेटी देवाची म्हणून आजवर जपली होती. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडत असे. आत काय आहे हे मात्र घरातील कोणालाही ठाऊक नव्हते.

त्याच गावाचा एक तंटा दोन वर्षांपासून चालू आहे. ग्रामदेवतेच्या नावाची जमीन कोठवर आणि लगतचे गायरान कोठून, एवढाच प्रश्न. गावकरी कचेरीत गेले. उतारा मिळाला तो कानडीत. तो शिकलेल्या पोरांनी कसाबसा लावला. त्याच्या मागचा कागद मागितला तेव्हा गठ्ठे आहेत, पण ते जुन्या मराठीत आणि मोडीत असल्याने वाचणारा माणूस नाही, असे उत्तर मिळाले. इकडे गावातल्याच दुसऱ्या घरी अशीच पेटी होती. त्या घरच्यांनी ती तीन वर्षांपूर्वी, भंगलेल्या देवांच्या तसबिरींबरोबर, मलप्रभेत सोडून दिली होती. त्यात काय होते ते आता मलप्रभेलाच माहीत.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात (वीज गेलेली होती, हे सांगायला नकोच) ते रुमाल पुन्हा बांधताना आम्हाला एका माणसाची आठवण झाली. असेच माळे, अशाच कणग्या आणि अशाच पेट्या धुंडाळीत त्याने उभे आयुष्य घालवले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव आमच्या वाचकांनी शालेय पुस्तकात वाचलेले असते. धडा संपला की राजवाडेही संपतात. पण जमिनीच्या, वतनाच्या आणि गावकीच्या कागदांची वाट ज्याला खेड्यातून काढायची आहे, त्याने राजवाड्यांचे चरित्र धडा म्हणून न वाचता वाटाड्या म्हणून वाचावे असे आम्हाला वाटते.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा. वडील लहानपणीच गेले. बालपण पुण्याच्या परिसरात, नातलगांच्या आधाराने गेले. शिक्षण रडतखडत झाले. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. वर्गात शिकवतात ते आणि आपल्याला हवे ते यांचा मेळ बसेना म्हणून. कॉलेजात असताना ठरलेली पुस्तके बाजूला ठेवून ते ग्रंथालयात स्वतःच्या आवडीचे वाचत बसत. डेक्कन कॉलेजातून बी.ए. होईपर्यंत वयाची पंचविशी उलटून गेली. पुढे कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील आपल्या अनुभवांवर त्यांनी एक निबंध लिहिला. आम्ही मास्तर लोकांनी तो वर्षातून एकदा तरी वाचावा. मन फारसे प्रसन्न होत नाही, पण उपयोग होतो. स्वतः राजवाड्यांनीही काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवले. तेथे ते रमले नाहीत. पत्नी तरुणपणीच वारली. पुन्हा लग्न केले नाही, नोकरीही धरली नाही. तिशीच्या आतच हा माणूस संसारातून मोकळा झाला.

१८९४ मध्ये त्यांनी भाषांतर नावाचे मासिक काढले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत हा हेतू. मासिक तीनेक वर्षे चालले आणि कर्ज मागे ठेवून बंद पडले. आपल्या भाषेत सगळे ज्ञान यावे, ही तळमळ मात्र बंद पडली नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आयुष्यभर लिहिले ते मराठीत. परदेशी विद्वानांना आपले म्हणणे कळावे असे वाटत असेल तर त्यांनी मराठी शिकावे, अशीच त्यांची वृत्ती होती.

याच सुमारास वाईला एरंडे यांच्या वाड्यात त्यांना पानिपतच्या काळातील पत्रे मिळाली. तोवर पानिपताची हकिगत लोक बखरींवरून आणि इंग्रजांच्या पुस्तकांवरून सांगत. येथे त्या वेळी त्या जागी असलेल्या माणसांनी लिहिलेली पत्रे हाती आली. १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील कागद आहेत. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. त्यातले काही कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ग्रंथमालेतून निघाले, म्हणजे आपल्या दाराशीच. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे त्याच काळात पटवर्धनांचे दप्तर चाळून ऐतिहासिक लेखसंग्रह छापत होते. बेळगावच्या आसपासचा कितीतरी मुलूख पटवर्धनी अमलाखाली होता हे लक्षात घेतले, तर या दोघांचे काम आपल्या गावांच्या किती जवळून गेले ते ध्यानात येईल.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कळल्याशिवाय राजवाडे खेड्यापाड्यांतून का हिंडले ते उमगत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. हे दप्तर म्हणजे मुख्यतः मुलखाचा हिशेब होता. कोणत्या गावचा वसूल किती, कोणाला काय इनाम, कोणत्या देवाला किती जमीन, कोणाचे वतन कोठे, असे सारे त्यात होते. इंग्रजांना त्याची गरज पडली ती इनामे तपासण्यासाठी. ही तपासणी प्रथम सुरू झाली ती १८४३ च्या सुमारास, आणि कोठे म्हणाल तर दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्याच बेळगाव-धारवाड भागात. पुढे १८५२ साली तिला कायद्याचे रूप आले आणि इनाम कमिशन हे नाव घराघरांत धास्तीचे झाले. ज्याच्याजवळ सनद होती त्याने ती दाखवावी. दाखवता आली नाही तर जमीन सरकारजमा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटलेली हजारो इनामे या चौकशीत गेली किंवा कमी झाली. सनद उंदरांनी खाल्ली, घर जळाले, भावाभावांच्या वाटणीत कागद दुसरीकडे गेला, ही कारणे कमिशनपुढे चालत नव्हती.

पुण्यातील हे मोठे दप्तर ज्या खात्याकडे होते त्याला एलिएनेशन ऑफिस म्हणत. १८९१ मध्ये त्याच्यासाठी भक्कम दगडी इमारत बांधली गेली. ती आजही पुराभिलेखागार म्हणून उभी आहे. रयतेच्या जमिनीचे कागद तेथे रुमालांत बांधून नीट ठेवलेले होते, पण रयतेला तेथे पाऊल ठेवता येत नव्हते. जुने कागद बाहेर आले की जुने दावे उभे राहतील, ही भीती राज्यकर्त्यांना होती. गणेश चिमणाजी वाड यांनी केलेली रोजनिशीतील निवड प्रसिद्ध झाली खरी, परंतु राजवाड्यांसारख्या स्वतंत्र वृत्तीच्या माणसाला तेथे मुक्तद्वार मिळणे शक्यच नव्हते. ते दप्तर संशोधकांच्या हातून मोठ्या प्रमाणावर चाळले गेले आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्याचे पंचेचाळीस भाग निघाले ते १९३० ते १९३४ या काळात. तोपर्यंत राजवाडे जाऊन काही वर्षे झाली होती.

मग वाट कोणती उरली? मराठी राज्यातील कारभाराची एक रीत राजवाड्यांच्या उपयोगी पडली. एखाद्याला जमीन इनाम दिली तर एकच कागद निघत नसे. इनामदाराला सनद, गावच्या मोकदमांना म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांना एक पत्र, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना एक, मुलखावरच्या अंमलदाराला एक. अशी एकाच मजकुराची चार-पाच पत्रे सुटत आणि सरकारी दप्तरात नोंद होई ती वेगळी. म्हणजे पुण्याच्या दगडी इमारतीत जे कुलूपबंद होते, त्याचेच जोडकागद देशपांड्यांच्या वाड्यात, कुळकर्ण्यांच्या फडताळात, पाटलांच्या माळ्यावर आणि मठांच्या पेटाऱ्यांत पडून होते. सरकारचे दार बंद, पण गावांची दारे हजार. राजवाडे त्या हजार दारांकडे वळले.

ते पायी हिंडत. अंगात साधे कपडे, बरोबर थोडी भांडी, हातचा स्वयंपाक, बहुधा एकवेळचा. मुक्काम देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर. गावात शिरल्यावर वतनदारांची घरे कोणती, त्यांच्या शाखा कोठे गेल्या, कोणत्या घरी जुना कारभारी होता, याची चौकशी करायची. मग दारात जाऊन कागद पाहू द्या म्हणून विनवायचे. हे काम किती जड असेल ते आम्ही अनुभवाने थोडेफार जाणतो. ज्या घराने इनाम कमिशनच्या काळात कागदाअभावी किंवा कागद दाखवूनही जमीन गमावली, ते घर अनोळखी माणसाला पेटी कशाला उघडून दाखवील? हा सरकारचा माणूस तर नव्हे, भाऊबंदांनी पाठवलेला तर नव्हे, असा संशय यायचाच. काही ठिकाणी राजवाड्यांना दिवस दिवस तिष्ठावे लागले. काही ठिकाणी नकार मिळाला. आणि काही ठिकाणी तर ते पोहोचण्याच्या आधीच कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेले, चुलीत घातलेले, वाळवीने खाऊन माती झालेले, नाहीतर नदीत सोडलेले. शंभर वर्षे उलटली तरी आमच्या गावच्या मलप्रभेची गोष्ट त्याच मालिकेतली.

राजवाड्यांचा स्वभाव तापट होता. टाकून बोलत. पण कागदापुढे हा माणूस गाईसारखा होई असे म्हणायला हरकत नाही. पहिल्या लढाईच्या कागदाला जेवढा मान, तेवढाच दोन बिघे जमिनीच्या तंट्याच्या निवाडपत्राला. राजांच्या लढायांपलीकडे गावाचा, जातींचा, वतनांचा, शेताबांधांचा इतिहास असतो आणि तो याच कागदांत आहे, हे त्यांनी आपल्या लोकांना प्रथम ठामपणे दाखवले. त्यांच्या खंडांतून महजर, निवाडपत्रे, वतनपत्रे, इनामपत्रे, कौलनामे, वाटणीपत्रे यांचा जो साठा आला आहे तो पाहिला की गावच्या मालमत्तेची नोंद त्या काळी किती बारकाईने होत असे ते कळते.

आमच्या वाचकांच्या घरी असले कागद असण्याचा संभव मोठा आहे. म्हणून ते ओळखायचे कसे हे थोडक्यात सांगतो. महजर म्हणजे गोतसभेने बसून केलेला निर्णय. त्यात वादी कोण, प्रतिवादी कोण, कोणी काय सांगितले, शीव कोणत्या ओढ्यावरून, कोणत्या झाडावरून गेली हे येते आणि शेवटी हजर असलेल्यांच्या निशाण्या असतात. लिहिता न येणाऱ्या पाटलाचा किंवा कुणब्याचा नांगर, वाण्याची तराजू, न्हाव्याचा आरसा. कागदाच्या तळाशी असे लहानसे नांगर काढलेले दिसले तर तो कागद जमिनीचा किंवा गावकीचा आहे असे समजून जपावा. निवाडपत्र म्हणजे तंट्याचा निकाल. जो हरला त्याने पुन्हा कथळा करणार नाही म्हणून लिहून दिले ते यजितपत्र. थळझाडा हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. त्यात गावातील शेतांची थळवार नोंद असते. त्यात आजच्यासारखे नंबर नसतात. शेताला माणसासारखे नाव असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी मोजणी आमच्या भागात आली, शेतांना नंबर पडले आणि ही नावे हळूहळू कागदावरून उतरली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती अजून आहेत. जुना कागद आजच्या नंबराशी जोडायचा तर मधला दुवा ही नावेच. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की आजोबांबरोबर एकदा सगळा शिवार फिरा आणि प्रत्येक शेताचे, ओढ्याचे, दगडाचे नाव वहीत उतरून ठेवा. मग भूमापन कचेरीतून जुन्या मोजणीचे टिप्पण आणि आकारबंद मागा.

तारखेने मात्र पुष्कळ जण घाबरतात. जुन्या कागदावर साल अंकात नसून अरबी शब्दांत लिहिलेले असते. उदाहरणार्थ अर्बा सबैन मया व अलफ. अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७४. हा शुहूर सन. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तो कागद १७७३-७४ चा, नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या सालचा. फसली सन असेल तर याच रीतीने ५९० किंवा ५९१ मिळवावे. हे गणित सातवीच्या मुलाला एका तासात येते. आम्ही शिकवून पाहिले आहे.

या कागदांतून राजवाड्यांनी भाषेचाही हिशेब मांडला, आणि भाषेच्या पानावर तो सांगितलाच पाहिजे. साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी वेगवेगळ्या काळांतील पत्रे घेऊन त्यांतले फारसी शब्द किती आणि मराठी किती ते मोजले. १६२८ च्या कागदात मराठी शब्द शेकडा चौदाच्या आसपास. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीतील १६७७ च्या कागदात ते बासष्टच्या पुढे गेलेले, आणि १७२८ च्या कागदात त्र्याण्णवच्या वर. दोनचार कागदांवरून अवघ्या भाषेचा निकाल लावता येतो का, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. पण मुद्दा सुटत नाही. राज्याने मनावर घेतले की रयतेच्या जमिनीचा कागद रयतेच्या भाषेत येतो आणि त्यासाठी शंभर वर्षे पुरतात. उलट दिशेला गेले तर किती वर्षे लागतात, हे १९५६ नंतर आम्ही आमच्या घरात पाहिले आहे. आजोबांना तलाठ्याचा कागद वाचता येत होता. नातवाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

येथे कानडीशी भांडण नाही. धारवाड-विजापूरकडच्या कितीतरी कानडी देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरी मोडी दप्तरे पडलेली आहेत. त्यांचीही नातवंडे ती वाचू शकत नाहीत. आणि राजवाड्यांनीच संपादून १९२२ मध्ये छापलेला जयराम पिंड्यांचा राधामाधवविलासचंपू पाहावा. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात कितीतरी भाषांचे कवी आपापल्या भाषेत कविता म्हणत होते, त्याचे चित्र त्यात आहे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात जे जमले ते आज तालुक्याच्या कचेरीत जमू नये, हे आम्हाला समजत नाही. एवढे मात्र आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिलेला आहे, आणि सरकारी कागद पाहण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने. अर्ज मराठीत लिहावा, पोच घ्यावी.

राजवाड्यांच्या उत्तरार्धाविषयी थोडक्यात. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. एकट्याने कागद मिळवून भागणार नाही, ते ठेवायला जागा आणि वाचायला माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. पण स्वतः उभारलेल्या संस्थेतही ते फार काळ नांदले नाहीत. मतभेद झाले, ते पुणे सोडून निघाले आणि अखेरची वर्षे बहुतांश धुळ्याकडे काढली. माहीम-वसईकडच्या गावांची आणि तेथल्या वृत्तींची हकिगत सांगणारी महिकावतीची बखर त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. व्याकरण, व्युत्पत्ती, गावांची नावे, विवाहसंस्था, असे त्यांचे लेखन चहूकडे पसरले. गावाचे नाव हाही एक जुना दस्तऐवज आहे, त्यातून वसाहत कोणी केली ते वाचता येते, हा त्यांचा विचार आमच्या सीमाभागातील प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावापुरता पडताळून पाहण्याजोगा आहे.

दोष सांगितले नाहीत तर ते चरित्र होत नाही. राजवाडे तर्काच्या भरात फार पुढे जात. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती आणि अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढली आहेत. काही कागदांच्या तारखा व वाचनेही नंतर दुरुस्त झाली. जातीचा अभिमान त्यांच्या लेखणीत अनेकदा उतरला. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिले, आणि ते देणे भाग होते असेच आमचे मत आहे. ज्याने गावोगावच्या सर्व जातींच्या निशाण्या असलेले महजर छापले, त्याच्याच हातून असे लिखाण व्हावे याचे नवल वाटते. पण अनुमाने बाजूला काढली तरी कागद उरतात. राजवाड्यांचे म्हणणे ज्यांना खोडायचे होते त्यांनाही ते राजवाड्यांनीच छापलेल्या कागदांवरून खोडता आले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला त्यांचे निधन झाले. मागे मालमत्ता म्हणावी अशी नव्हती. होते ते कागदांचे रुमाल, टिपणांचे गठ्ठे आणि अपुरे कोश. धुळेकरांनी दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले आणि तो संग्रह सांभाळला. त्यांचा मराठी धातुकोश १९३७ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर अकरा वर्षांनी, तेथूनच बाहेर पडला.

आता आमच्या पेटीविषयी. विद्यार्थ्याच्या आईची समजूत घालायला एक दिवस गेला. देवाची पेटी घराबाहेर जाऊ देणार नाही असे तिने सांगितले आणि आम्हाला ते पटलेही. राजवाड्यांच्या काळात किती घरांनी विश्वासाने दिलेले कागद परत मिळाले नसतील, कोण जाणे. म्हणून कागद तेथेच ठेवले. सावलीत पसरून हवा दिली, मऊ कुंच्याने झटकले, फाटक्याला डिंक किंवा चिकटपट्टी लावली नाही, नवे धुतलेले सुती फडके घेऊन पुन्हा बांधले आणि मध्ये कडुलिंबाचा वाळला पाला घातला. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले. आमच्या समितीच्या मोडी वर्गाला दर रविवारी नऊ मुले येतात, त्यात दोन कानडी घरांतली आहेत. त्यांना आता कित्त्याऐवजी हीच छायाचित्रे वाचायला दिली आहेत.

जुना कागद सापडला म्हणून आजची जमीन आपोआप कोणाच्या नावावर होत नाही, हे आम्ही गावकऱ्यांना आधीच स्पष्ट सांगितले. आजचा हक्क आजच्या हक्कनोंदीवर आणि नोंदलेल्या दस्तावर ठरतो. पण शीव कोठून गेली आणि गायरान कोणाचे, याला जुना कागद साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, आणि तो वाचता आला तरच.

पहिल्या रुमालात बहुतेक घरगुती हिशेब आणि दोन वाटणीपत्रे निघाली. दुसऱ्यात एक महजर आहे. त्याची खालची बाजू शाबूत आहे, तळाशी सात नांगर आणि एक तराजू स्पष्ट दिसते. मधल्या चार ओळी कसरीने खाल्ल्या आहेत. एका ओढ्याचे नाव मुलांना लागेना. शेवटी विद्यार्थ्याच्या आईला विचारले तर तिने ते लगेच सांगितले आणि तो ओढा आता कोरडा पडला असला तरी कोणत्या बांधाखालून जात होता हेही हात करून दाखवले. तिसरा रुमाल अजून सोडायचा आहे.